अति तेथे माती : तान्ह्या बाळाच्या रक्तात वाढणारे कॅल्शियम

भगवान बुद्धांच्या काळी चंपा नगरीत सोण कोळीविस नावाचा एक श्रीमंत घरातला तरुण होता. संघात दाखल झाल्यावर त्याने चंक्रमण करीत ध्यान करण्याचा इतका अतिरेक केला की त्याचे तळपाय फुटून रक्त वाहू लागले. एवढे करूनही मनाला शांती मिळेना, तेव्हा तो निराश झाला आणि घरी परतण्याचा विचार करू लागला. सोण पूर्वी वीणा उत्तम वाजवीत असे. तथागतांनी त्याला त्याच्याच वीणेचा दाखला देऊन समजावले. तार फार ताणली तर सूर लागत नाही आणि फार सैल सोडली तरी लागत नाही. ती योग्य तेवढीच ताणावी लागते. मध्यम मार्गाचा हा दाखला आपण विहारात अनेकदा ऐकलेला आहे.

प्रस्तुत लेखात आम्ही हाच दाखला एका निराळ्या विषयाला लावणार आहोत. तान्ह्या बाळाच्या रक्तातील कॅल्शियम हीसुद्धा वीणेची तारच होय. ते कमी पडले तर बाळाला झटके येतात, आणि ते पुरविणारे ड जीवनसत्त्व फार दिवस अपुरे राहिले तर हाडे मऊ पडून मुडदूस होतो, हे आता बहुतेक घरांत माहीत झाले आहे. परंतु तेच कॅल्शियम प्रमाणाबाहेर वाढले तर बाळाच्या जीवावर बेतू शकते, ही गोष्ट शिकल्यासवरलेल्या घरांतही फारशी ठाऊक नसते. आम्हांलाही ती ठाऊक नव्हती. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर असून बँकेत कारकुनी करतो. तरीही हा विषय आम्ही का निवडला, ते आधी सांगितले पाहिजे.

एका नातीची हकिगत

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका स्नेह्यांची नात चार महिन्यांची होऊन आजोळहून घरी आली. नामकरण विधी थाटात झाला होता. बाळ गुटगुटीत, वजन सहा किलो. आजोळच्या डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाचे थेंब लिहून दिले होते. दर मिलीत ४०० युनिट, रोज एक मिली. बाटली संपली तेव्हा आजोबा रिकामी बाटली खिशात घालून जवळच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानातल्या मुलाने बाटलीवरचे मोठे अक्षर पाहिले आणि त्याच जीवनसत्त्वाच्या पाच पाच मिलीच्या छोट्या बाटल्या काढून दिल्या. घरी येऊन सूनबाईंनी पूर्वीप्रमाणेच रोज एक मिली पाजण्यास सुरुवात केली. एक बाटली पाच दिवस पुरे. अशा सात बाटल्या झाल्या.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून बाळ दूध कमी घेऊ लागले. प्यायलेले ओकून टाकी. पाच पाच दिवस शी होत नसे, उलट लंगोट मात्र सारखे भिजत. हसणारे बाळ किरकिरे झाले, मान धरलेली असूनही अंग सैल पडल्यासारखे वाटू लागले. शेजारच्या आजी म्हणाल्या, दात येताहेत. कुणी म्हणाले, दृष्ट लागली, म्हणून मीठ-मिरच्यांनी दृष्टही काढून झाली. एका सुशिक्षित गृहस्थांनी सांगितले की बाळाला कॅल्शियम कमी पडत असेल, आणि आपल्या घरातली कॅल्शियमच्या औषधाची बाटली आणून दिली. तीही सुरू झाली. पाच आठवड्यांनी वजन केले तर ते साडेपाच किलो भरले. वाढण्याऐवजी अर्धा किलो घटले होते.

अखेर बाळाला सरकारी रुग्णालयात नेले. तेथील तरुण डॉक्टर बाईंनी आईला एकच प्रश्न विचारला, "बाळाला घरात काय काय पाजता, ते सगळे मला आणून दाखवा." बाटल्या समोर आल्या. रक्ताची तपासणी झाली. शंभर मिली रक्तात दहा-अकरा मिलिग्रॅम कॅल्शियम असावयास हवे, तेथे ते १५.८ निघाले. बाळ बारा दिवस रुग्णालयात होते.

त्या दिवसांत एका संध्याकाळी आम्ही आणि आजोबा रुग्णालयाच्या पायरीवर बसलो होतो. छोट्या बाटलीवरची बारीक अक्षरे आम्ही वाचली. पाच मिलीत ६०,००० युनिट, म्हणजे एका मिलीत १२,०००. खिशातल्या बँकेच्या चलनाच्या पाठीमागे आम्ही हिशेब मांडला. बारा हजार गुणिले पस्तीस दिवस, बरोबर चार लाख वीस हजार युनिट. रोजच्या ४०० युनिटांच्या हिशेबाने हा १,०५० दिवसांचा डोस झाला. म्हणजे जवळजवळ तीन वर्षांचे जीवनसत्त्व त्या लेकराच्या पोटात पाच आठवड्यांत गेले होते. आजोबांनी तो कागद हातात घेतला आणि बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. बाटल्या त्यांनीच आणल्या होत्या.

नाव न छापण्याच्या अटीवर, परंतु स्मरणिकेत ही हकिगत जरूर यावी असा आग्रह धरून त्यांनीच आम्हांस हा लेख लिहावयास लावले आहे.

शरीर कॅल्शियमचा हिशेब कसा ठेवते

आपल्या शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत साठलेले असते. उरलेला एक टक्का रक्तात आणि पेशींत फिरत असतो. हा एक टक्का दिसायला क्षुल्लक, परंतु हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश आणि रक्त गोठणे ही सारी कामे त्यावर अवलंबून असतात. म्हणून शरीर रक्तातील कॅल्शियम अतिशय काटेकोरपणे सांभाळते. मोठ्या माणसात ते शंभर मिली रक्तात साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम असते. तान्ह्या बाळात किंचित जास्त, अकरापर्यंत चालते. बाराच्या पुढे गेले की काळजीचे आणि चौदाच्या पुढे गेले की तातडीचे समजावे.

हा हिशेब ठेवणाऱ्या चार ग्रंथी गळ्यात थायरॉईड ग्रंथीच्या मागे असतात. त्यांना पॅराथायरॉईड म्हणतात. आकाराने त्या जेमतेम धान्याच्या दाण्याएवढ्या. कॅल्शियम कमी झाले की त्या आपला स्राव सोडतात. तो हाडांच्या साठ्यातून कॅल्शियम काढतो, मूत्रपिंडांना लघवीतून कॅल्शियम वाया जाऊ देऊ नका असे सांगतो आणि ड जीवनसत्त्वाला कामाला लावतो. ड जीवनसत्त्व सूर्यप्रकाशाने कातडीत तयार होते किंवा तोंडावाटे मिळते. ते आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात रूपांतरित होऊन सक्रिय बनते आणि आतड्यातून अन्नातले कॅल्शियम रक्तात ओढून घेते.

काम झाले की हे सक्रिय जीवनसत्त्व मोडून टाकण्याचीही सोय शरीरात आहे. त्यासाठी एक खास विकर, म्हणजे एन्झाइम, असते. जमा करणारा खिडकीवर बसला आहे तसा खर्ची टाकणाराही बसला पाहिजे, नाही तर दिवसअखेर हिशेब जुळत नाही. बाळाच्या रक्तातील कॅल्शियम वाढते ते याच कारणांनी. एक तर जमेची बाजू बेसुमार होते, किंवा खर्ची टाकणारा जन्मतःच नसतो, किंवा हिशेब तपासणारा काटाच बिघडलेला असतो.

ब्रिटनने घेतलेला धडा

या आजाराचा सर्वांत मोठा धडा ब्रिटनमध्ये मिळाला. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील कारखान्यांच्या धुरकट शहरांत मुडदूस घरोघर होता. पाय धनुष्यासारखे वाकलेली गरीब मुले रस्तोरस्ती दिसत. १९१९ साली एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिलांवर प्रयोग करून कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने मुडदूस टळतो असे दाखविले. १९२२ साली अमेरिकेत मॅकॉलम यांनी त्या तेलातील गुणकारी द्रव्य अ जीवनसत्त्वाहून वेगळे असल्याचे सिद्ध केले. पुढे त्यालाच ड जीवनसत्त्व हे नाव मिळाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने बालकांसाठी अन्नकल्याण योजना सुरू केली. गरीब-श्रीमंत असा भेद न करता प्रत्येक बाळाला दुधाची भुकटी आणि कॉड माशाचे तेल मिळू लागले. दुधाच्या भुकटीत ड जीवनसत्त्व मिसळलेले असे. बाळांसाठीच्या धान्याच्या पिठांतही ते मिसळले जाई. योजना लोककल्याणाची होती आणि मुडदूस कमी करण्यात तिचा मोठा वाटा होता, हे कबूल केलेच पाहिजे.

परंतु तीन ठिकाणाहून तीच वस्तू मिळू लागल्यावर बेरीज कुणी करीत नव्हते. आई भुकटीचे दूध पाजी, पिठाची पेज भरवी आणि वर सांगितल्याप्रमाणे तेलही देई. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी योग्य, तरीही काही बाळांच्या पोटात दिवसाला चार हजार युनिटांपर्यंत ड जीवनसत्त्व जाऊ लागले. १९५२ साली लंडनमधील बालरोगतज्ज्ञ रेजिनाल्ड लाइटवूड यांनी काही बाळांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही बाळे ओकत, त्यांना बद्धकोष्ठ होई, वजन वाढत नसे आणि रक्तात कॅल्शियम वाढलेले असे. त्याच वर्षी झुरिकचे गुइडो फँकोनी यांनी याहून गंभीर स्वरूपाचा आजार नोंदविला.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने देशभर पाहणी केली आणि १९५६ साली तिचा अहवाल आला. १९५७ साली दुधाच्या भुकटीतील, पिठांतील आणि तेलातील ड जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी करण्याची शिफारस झाली व ते कमी करण्यात आले. पुढे १९६४ साली याच संघटनेचा दुसरा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा या आजाराचे रुग्ण घटल्याचे दिसून आले.

येथे एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. लोककल्याणाची योजना आहे म्हणून तिची तपासणी करू नये, असे त्यांनी म्हटले नाही. चूक दिसली तेव्हा ती मोजली, कबूल केली आणि दुरुस्त केली. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा मोठ्याने सांगितले आहे एवढ्याने काही स्वीकारू नका, पारखून घ्या, असा जो उपदेश तथागतांनी कालामांना केला, तो याहून वेगळा काय आहे?

मात्र तारेचे दुसरे टोकही विसरता कामा नये. १९६२ साली ग्लासगो शहरात स्थायिक झालेल्या पाकिस्तानी कुटुंबांत मुडदुसाचे रुग्ण आढळले. सावळी कातडी, उत्तरेकडचे मंद ऊन आणि आहारातली कमतरता यांमुळे आपल्या उपखंडातून गेलेल्या लोकांना तेथे हा आजार पुढेही बराच काळ सतावीत राहिला. म्हणून जास्त नको याचा अर्थ बंद करा असा कुणीही घेऊ नये.

अर्धशतकानंतर मिळालेले उत्तर

ब्रिटनमधील त्या प्रकरणात एक कोडे शिल्लक होते. तेवढेच दूध, तेवढीच पेज आणि तेवढेच तेल घेतलेली असंख्य बाळे धडधाकट राहिली. मग थोड्याच बाळांना त्रास का झाला?

पूर्व जर्मनीतही असेच होते. तेथे मुडदूस टाळण्यासाठी बाळाला पहिल्या दीड वर्षात दर तीन ते पाच महिन्यांनी एकदम सहा लाख युनिट पाजण्याची पद्धत होती. बहुसंख्य मुलांनी ते पचविले, काहींना मात्र ते बाधले.

कोड्याचे उत्तर २०११ साली मिळाले. जर्मनीतील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात असे आढळले की अशा काही बाळांत सीवायपी२४ए१ नावाच्या जनुकात दोष असतो. हे जनुक म्हणजे वर सांगितलेल्या, ड जीवनसत्त्व मोडून टाकणाऱ्या विकराचा आराखडा. आराखडाच सदोष असल्यामुळे विकर काम करीत नाही आणि इतरांना योग्य असलेला डोसही अशा बाळाला जास्त ठरतो. २०१६ साली आणखी एक जनुक सापडले. त्याच्या दोषामुळे मूत्रपिंडातून फॉस्फेट वाया जाते आणि त्याचा परिणाम म्हणून सक्रिय ड जीवनसत्त्व वाढते. अशा बाळांना फॉस्फेट देऊन गुण येतो.

सीवायपी२४ए१ चा दोष बाळात प्रकट होण्यासाठी तो बहुधा आई आणि वडील या दोघांकडूनही यावा लागतो. दोघे स्वतः निरोगी दिसतात, परंतु दोघांकडे एकेक सदोष प्रत असली तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक एवढी शक्यता असते. नात्यातल्या नात्यात लग्ने झाली की एकच सदोष प्रत दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या महाराष्ट्रात अनेक समाजांत आहे, आपल्यातही आहे. ज्यांची अशी लग्ने झाली आहेत त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. त्यांची बहुतेक मुले निरोगीच असतात. परंतु पुढील पिढीची लग्ने जुळविताना पत्रिकेऐवजी हा विचार झाला तर तो अधिक उपयोगी पडेल. घरात एका बाळाला असा आजार झाला असेल तर पुढच्या बाळाला थेंब सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना ती हकिगत अवश्य सांगावी.

आणखी काही कारणे

थेंबांचा अतिरेक आणि जनुकातील हा दोष याखेरीज इतर कारणेही आहेत. त्यांतील तीन वाचकांना माहीत असावीत.

पहिले विल्यम्स सिंड्रोम. १९६१ साली न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे डॉ. विल्यम्स यांनी आणि १९६२ साली जर्मनीत डॉ. ब्यूरेन यांनी याचे वर्णन केले. सातव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळाल्यामुळे हे होते. अशा मुलांचे कपाळ रुंद, ओठ जाड, नाक किंचित वर वळलेले असते. हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी अनेकदा अरुंद असते. बुद्धीची वाढ मंद, पण स्वभाव विलक्षण मनमिळाऊ आणि संगीताची ओढ मोठी असते. यांपैकी काही मुलांच्या रक्तात पहिल्या एक-दोन वर्षांत कॅल्शियम वाढते. यात आईवडिलांचा दोष नसतो. बहुतेक वेळा हा तुकडा आपोआप गळालेला असतो.

दुसरे कारण पॅराथायरॉईड ग्रंथींचे. रक्तात किती कॅल्शियम आहे हे जोखणारा एक ग्राहक रेणू या ग्रंथींवर असतो. त्याचा शोध १९९३ साली लागला. तोच दोन्ही बाजूंनी सदोष असला तर ग्रंथींना कॅल्शियम सतत कमी असल्याचा भास होतो आणि त्या हाडे पोखरून कॅल्शियम काढीतच राहतात. हा आजार जन्मतःच दिसतो, फार गंभीर असतो आणि बहुधा शस्त्रक्रिया करून ग्रंथी काढाव्या लागतात.

तिसरे कारण बाळंतपणाशी निगडित आहे. अवघड प्रसूतीत जन्मताना गुदमरलेल्या बाळाच्या पाठीवर, कुल्ल्यांवर, मांड्यांवर किंवा गालांवर पहिल्या काही दिवसांत लालसर-जांभळट, घट्ट गाठी येतात. कातडीखालची चरबी दुखावल्यामुळे त्या येतात आणि हळूहळू जिरतात. गाठी गेल्या म्हणजे सुटलो असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात त्या चरबीत जमलेल्या पेशी स्वतःच सक्रिय ड जीवनसत्त्व तयार करतात आणि काही आठवड्यांनी कॅल्शियम वाढू शकते. म्हणून अशा बाळाची रक्ततपासणी पुढे काही महिने अधूनमधून करावी लागते. डॉक्टरांनी बोलाविले तर बाळ बरे दिसते म्हणून जाणे टाळू नये.

लक्षणे कोणती व उपचार कसा

कॅल्शियम वाढले की मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही. पाणी शरीरातून सारखे निघून जाते आणि बाळ कोरडे पडते. आतड्यांची हालचाल मंदावते. स्नायू ढिले पडतात. त्यामुळे पुढील गोष्टी एकत्र दिसल्या तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये :

दूध पिण्याचे प्रमाण कमी होणे आणि वारंवार ओकणे. अनेक दिवस शी न होणे. लंगोट नेहमीपेक्षा जास्त भिजणे आणि बाळाला सारखी तहान लागणे. वजन न वाढणे किंवा घटणे. किरकिर किंवा याउलट सुस्ती, अंग सैल पडणे.

यांतील एकेक लक्षण साध्या कारणानेही असू शकते. अनेक बाळांना बद्धकोष्ठ होते, अनेक बाळे दूध काढतात. परंतु एक खूण विशेष ध्यानात ठेवावी. ओकून ओकून कोरड्या पडलेल्या बाळाची लघवी एरवी कमी होते. येथे मात्र बाळ कोरडे आणि लंगोट ओले, असा उलटा प्रकार दिसतो.

निदानाची पहिली पायरी सोपी आहे. रक्तातील कॅल्शियमची तपासणी साध्या प्रयोगशाळेतही होते. त्यानंतर फॉस्फरस, पॅराथायरॉईडचा स्राव, ड जीवनसत्त्वाची पातळी, लघवीतील कॅल्शियम आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी पाहून डॉक्टर कारण शोधतात. जीवनसत्त्वाची पातळी अफाट वाढलेली आणि पॅराथायरॉईडचा स्राव दबलेला असला तर डोस जास्त झाला असे समजते. स्राव दबलेला आणि पातळी मात्र तेवढी वाढलेली नसली तर जनुकाचा संशय घेतात. कॅल्शियम वाढलेले असूनही स्राव जोरात असला तर दोष ग्रंथींकडे असतो.

उपचारात सर्वप्रथम ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची सर्व औषधे बंद करतात. सलाईन देऊन कोरडेपणा भरून काढतात आणि लघवीवाटे कॅल्शियम बाहेर जाऊ देतात. गरज पडल्यास स्टिरॉइड किंवा हाडांतून कॅल्शियम सुटणे थांबविणारी पॅमिड्रोनेटसारखी औषधे देतात. काही बाळांना काही काळ कमी कॅल्शियमचे खास दूध लागते. अंगावरचे दूध चालू ठेवावे की कसे, हे डॉक्टरच ठरवितात, आईने स्वतःच्या मनाने तोडू नये. ड जीवनसत्त्व चरबीत साठून राहत असल्यामुळे औषध बंद केल्यावरही त्याचा परिणाम काही आठवडे, कधी काही महिने टिकतो. म्हणून पुन्हा पुन्हा तपासणी लागते. उशीर झाला तर मूत्रपिंडांत कॅल्शियमचे कण साचतात, आणि ते नुकसान पुढे कायमचे राहू शकते.

शून्यांचा हिशेब

बँकेत एक शून्य जास्त पडले तर संध्याकाळी हिशेब जुळत नाही आणि सर्वांना थांबून चूक शोधावी लागते. घरात बाळाच्या औषधाचा हिशेब संध्याकाळी कुणी जुळवीत नाही. तेव्हा आकडे आपणच नीट समजून घेतले पाहिजेत.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशीप्रमाणे बाळाला पहिल्या वर्षी रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्व द्यावे. म्हणजे १० मायक्रोग्रॅम. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व अगदी कमी असते, म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळालाही ते द्यावयाचे असते. बाजारात मात्र दर मिलीत ४०० युनिटांच्या बाटल्या आहेत, ८०० युनिटांच्या आहेत, आणि पाच मिलीच्या एकाच बाटलीत किंवा भुकटीच्या एकाच पुडीत ६०,००० युनिट असलेली औषधेही आहेत. साठ हजार भागिले चारशे म्हणजे दीडशे. एक पुडी ही तान्ह्या बाळाच्या पाच महिन्यांच्या डोसाइतकी आहे. विशिष्ट आजारात डॉक्टर विचारपूर्वक मोठा डोस देतात, तो त्यांचा अधिकार आहे. मोठ्या माणसांना ही पुडी बहुधा आठवड्यातून एकदा लिहून देतात. घरातल्या आजीची पुडी बाळासाठी नसते आणि आठवड्याची पुडी रोजची नसते.

अशा चुका अडाणी लोकच करतात असेही नाही. २०१० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तेथील पालकांना आणि कंपन्यांना इशारा दिला होता. काही बाटल्यांसोबत मिळणाऱ्या ड्रॉपरमध्ये ४०० युनिटांहून बरेच जास्त औषध मावत होते आणि ड्रॉपर भरून पाजणाऱ्या पालकांकडून बाळाला नकळत जास्त डोस जाण्याचा धोका होता.

तेव्हा माता-भगिनींना आणि घरातील कर्त्या मंडळींना आमची विनंती अशी :

नवी बाटली आणली की जुनीशेजारी ठेवून दर मिलीत किती युनिट, हा आकडा ताडून पाहावा. नाव तेच आहे एवढ्यावर विसंबू नये. बाटलीसोबतचाच ड्रॉपर वापरावा, चमच्याने अंदाज करू नये. डॉक्टर बदलले तर चालू असलेली सर्व औषधे त्यांना दाखवावीत, कारण दोघांनीही वेगवेगळ्या नावांनी तेच जीवनसत्त्व लिहिलेले असू शकते. वरच्या दुधाच्या भुकटीतही ड जीवनसत्त्व असते, तेही सांगावे. चुन्याची निवळी आणि शेजाऱ्यांनी दिलेले कॅल्शियमचे टॉनिक बाळाला पाजू नये. बाळ अशक्त दिसते म्हणून डोस वाढवू नये, आणि हा लेख वाचून घाबरून योग्य डोस बंदही करू नये.

कोवळ्या उन्हाची भीती बाळगण्याचे कारण नाही. उन्हामुळे ड जीवनसत्त्व विषारी प्रमाणात वाढत नाही, कारण जास्त झालेले कातडीतच मोडले जाते. अतिरेक होतो तो बाटलीतून.

समारोप

आमच्या स्नेह्यांची नात आता दोन वर्षांची झाली आहे. ती घरभर पळते, आजोबांच्या खिशातले पेन काढून घेते. दर सहा महिन्यांनी तिच्या मूत्रपिंडांची सोनोग्राफी होते, अद्याप सर्व ठीक आहे. सूनबाई रोज औषध पाजताना आजही बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचतात.

परंतु आमच्या मनात एक गोष्ट सलते. त्या छोट्या बाटलीवरचा सारा मजकूर इंग्रजीत, आणि तोही बारीक अक्षरांत होता. आपल्या वस्तीत कितीतरी आज्या, कितीतरी तरुण माता असा मजकूर वाचू शकत नाहीत. आणि ज्यांना वाचता येतो, ते आम्ही शिकलेले लोक चाळीस पावलांवर राहूनही त्या पाच आठवड्यांत एकदाही बाटली हातात घेऊन पाहिली नाही. कॅल्शियमचे औषध आणून देणारे सुशिक्षित गृहस्थ म्हणून ज्यांचा उल्लेख वर आला आहे, ते आम्हीच होतो.

परमपूज्य बाबासाहेब आणि माता रमाई यांची गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे लहानपणीच गेली. ते दुःख उराशी धरून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेच्या विधेयकाची बाजू मांडली. शिका म्हणून त्यांनी आपल्याला सांगितले, ते पदवी भिंतीवर टांगण्यासाठी खास नव्हे. आपल्या मंडळाच्या विहारात दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास कुणी शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने बसावे, आणि ज्यांना हवे त्यांना त्यांच्या घरातील औषधांवरचा मजकूर मराठीत वाचून दाखवावा. किती युनिट, किती वेळा, किती दिवस, एवढेच. औषध ठरविण्याचे काम डॉक्टरांचे, आपण फक्त वाचून दाखवायचे. शंका आली तर बाटली घेऊन त्यांच्याकडे पाठवायचे. याला निधी लागत नाही, ठराव लागत नाही. पहिल्या रविवारी आम्ही स्वतः चष्मा घेऊन हजर राहू.

जयभीम! नमो बुद्धाय!